अंगठ्याखालचे ठोके

आमच्या मागच्या खोलीत दाराच्या वर दोन खिळ्यांवर एक नळी आडवी ठेवलेली आहे. पोलादाची, पेन्सिलीहून बारीक, माणसाहून हातभर लांब. एका टोकाला पितळेची उथळ वाटी, अंगठा बसेल एवढी, आणि वाटीच्या तोंडावर ताणून बांधलेलं पातळ रबराचं कातडं. ते आता वाळून तडकलं आहे. घरी आलेला माणूस वर बघतो आणि विचारतो, पडदे अडकवायचा दांडा का हा? ताई म्हणते, हो, दांडाच. तिला सांगत बसायचं नसतं. मला सांगायचं आहे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. नळी तिच्या नवऱ्याची, दाजींची. दाजी गावात पंप दुरुस्त करायचे. हातात पाना घेतला की नट किती घट्ट बसलाय ते मनगटाला कळे. पुढे विहिरी आटल्या, पंप मोडीत गेले, आणि ते शहरातल्या एका संशोधन संस्थेत सिलिंडर वाहायला लागले. सहा वर्षांनी मीही आलो आणि त्याच संस्थेच्या फाटकावर पहारेकरी झालो. राहायला त्यांच्याकडेच. तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही. अर्धं डोळ्यांनी पाहिलं, अर्धं ताटाला ताट लावून जेवताना ऐकलं.

संस्थेच्या तळमजल्यावर अतिथंड प्रयोगशाळा होती. बाहेरून बघाल तर एक लांबट दालन, हिरव्या रंगाचं सिमेंट, भिंतीला टेकून उभी असलेली माणसाएवढी चकचकीत पिंपं. ती पिंपं म्हणजे आपल्या चहाच्या थर्मासची थोरली भावंडं. त्यांत हेलियम असायचा. फुग्यात भरतात तोच वायू, पण इतका थंड केलेला की त्याचं पाणी झालेलं. त्याच्यापुढं बर्फ म्हणजे निखारा, असं दाजी म्हणत. दालनाच्या टोकाला कॉम्प्रेसर दिवसभर धडधडायचा आणि त्याच्या शेजारी छताला टांगलेली एक भलीमोठी रबरी पिशवी. द्रव उकळून जो वायू होई तो पिशवीत जमा व्हायचा, कॉम्प्रेसर तो ओढून दाबायचा, आणि दाबलेल्याचा पुन्हा द्रव व्हायचा. हेलियम फार दुरून, फार मिनतवारीनं यायचा. त्यातला श्वासभरही वाया घालवायचा नाही, हे दाजींचं काम.

दुसरं काम नळीचं.

पिंप आणि यंत्रं बंद धातूची, आत किती द्रव उरलाय ते दिसत नाही. त्यासाठी विजेचं मीटर होतं. पण त्या मीटरला बारा महिने काही ना काही होई. आज सर्दी, उद्या ताप. म्हणून तिथल्या जुन्या फोरमननं दाजींना नळी शिकवली होती. नळी वरून हळूहळू आत सोडायची आणि अंगठा रबरावर ठेवायचा. खालचं टोक वायूत असेल तोवर रबर चिमणीच्या छातीसारखं भराभर थरथरतं. टोक द्रवाला टेकलं की ठोका एकदम बदलतो. जड होतो, सावकाश होतो, झोपलेल्या बैलाच्या श्वासासारखा. त्या क्षणी नळीवर खूण करायची, वर काढायची, पट्टीनं मोजायची. आकडा रजिस्टरात.

हे कुणालाही जमतं, पण अंदाजे. दाजींना केसाएवढं कळायचं. मोठमोठ्या पदव्यांची मंडळी मीटर सोडून त्यांना हाक मारायची. पोरं त्यांना चेष्टेनं अंगठेबहाद्दर म्हणत. दाजींना राग येत नसे. "म्हणा की," ते म्हणत, "तुमच्या सगळ्या सह्या माझ्या अंगठ्यावर उभ्या आहेत."

फाटकाशी बाकावर डबा खाताना मी एकदा विचारलं, "दाजी, एवढं थंड करून करता काय तुम्ही लोक?"

"तार तापते की नाही, मेव्हणे? विजेला आतून जाताना धक्के खावे लागतात म्हणून तापते. थंड करत गेलं की धक्के कमी होतात. आणि काही धातू असे आहेत की एका ठरावीक थंडीला धक्के संपतातच. उरत नाहीत. मग तारेच्या कड्यात एकदा वीज सोडली की बॅटरी काढून घेतली तरी ती फिरतच राहते."

"किती वेळ?"

"तुम्ही आणि मी जाऊ, तरी फिरेल. थंडी तेवढी टिकली पाहिजे." डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "अतिवाहकता म्हणतात त्याला. आपल्याकडच्या बाई तर त्याच्याही पुढचं शोधतायत."

बाई म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पन्नाशीच्या, किडकिडीत, बोलणं कमी. त्या दाजींना मामा म्हणत. त्यांच्याकडं एक खडा होता, काळा, तिळापेक्षा जरा मोठा. भट्टीत आठ आठवडे सावकाश निववून त्यांनी तो स्वतः वाढवला होता. तसे आणखी तीसेक वाढवले होते, पण या एकातच ती गोष्ट दिसली होती. दाजींनी मला ती अशी सांगितली: आपण शाळेत बर्फ, पाणी, वाफ एवढंच शिकलो. पण खडा खूप थंड केला, चुंबकात धरला, की आतल्या विजेच्या कणांची मांडणी बदलते आणि तो दर वेळी वेगळाच पदार्थ होतो. बाहेरून बघाल तर तोच काळा तीळ. अतिवाहकतेचं चुंबकाशी वैर असतं. चुंबकाचा जोर वाढवला की ती मरते. बाईंच्या खड्यातही मेली. पण बाईंनी हात थांबवला नाही, जोर वाढवत नेला, आणि पुढं कुठंतरी ती पुन्हा जिवंत झाली.

"मेलेलं उठलं म्हणता?"

"उठलं असं दिसलं. एकदा. जग एकदा दिसलेल्यावर विश्वास ठेवत नाही, आणि बाईही ठेवत नाहीत. दुसऱ्यांदा दिसायला पाहिजे. त्याच खड्यात."

यात एक मेख होती, तीही सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एवढ्या जोराच्या चुंबकाजवळ तापमापक वेडे होतात, काहीही सांगतात. खडा द्रवात पूर्ण बुडालेला असेल तरच त्याची थंडी किती हे खात्रीनं सांगता येतं. तो द्रवाच्या वर उघडा पडला असेल तर मध्येच गरम, मध्येच थंड होईल, आणि मग मेलेलं उठलं असं उगाचच वाटेल. म्हणजे खडा बुडालेला होता याचा पुरावा एकच. पातळीचा आकडा. म्हणजे दाजींचा अंगठा.

त्या अंगठ्याचं पहिल्यांदा कळलं ते ताईला. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण दाजींनी उघड्या हातानं उचललं आणि ते हातात धरून तिच्याशी बोलत उभे राहिले. ताई ओरडली तेव्हा त्यांनी झाकण खाली ठेवलं. फोड आला तो संध्याकाळी. साखरेचा आजार होताच. डॉक्टरनं सांगितलं की बोटांच्या नसा जातायत, पाय जपा, बोटं जपा, आणि घरच्या माणसानं दर आठवड्याला सुईनं टोचून बघत जा कुठवर लागतंय ते.

मग दर रविवारी सकाळी खिडकीजवळ तो कार्यक्रम चाले. दाजी खुर्चीत डोळे मिटून हात पुढं करत. ताई शिवणाच्या सुईनं एकेक बोट टोचे.

"लागलं?"

"लागलं."

"इथं?"

"लागलं की. कापड शिवतेयस का माणूस?"

एका रविवारी ताईनं सुई उजव्या अंगठ्याजवळ नेली आणि टेकवली नाही. तशीच हवेत धरून म्हणाली, "लागलं?"

दाजी म्हणाले, "लागलं. हळू टोच."

ताईनं सुई रिळात खोचली आणि आत निघून गेली. मी दारात दाढी करत होतो. सगळं पाहिलं. नंतर ती मला म्हणाली, "कामावर सांगायला पाहिजे ना रे?" मी म्हणालो, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आज सांगितलं तर उद्या भांडारात बसवतील, खिळे मोजायला. माणूस खचून जाईल. राहू दे." तिनं ऐकलं. मीच सांगितलं होतं, म्हणून ऐकलं. हे मी विसरलेलो नाही.

दाजींनी त्यांची स्वतःची युक्ती काढली होती. नळीचा ठोका हाताला लागत नाही तर कानानं घ्यायचा. रबराशी कान नेला की तो ऐकू येतो, पण कॉम्प्रेसरच्या धडधडीत नाही. म्हणून दालनात कुणी नसताना ते कॉम्प्रेसर मिनिटभर बंद करायचे, कान लावायचे, खूण करायचे, पुन्हा चालू. कॉम्प्रेसर थांबवला तर रजिस्टरात लिहायचा नियम होता. ते लिहीत नसत. लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मामा, रोज मिनिटभर कशाला थांबवता? आठ-नऊ महिने हे चाललं. आकडे बरोबर येत होते, निदान कुणाचं काही अडलं नव्हतं.

बाईंचा दुसरा प्रयोग ठरला तेव्हा हेलियमचा तुटवडा होता. पुढचा साठा यायला सहा आठवडे होते, आणि साहेबांनी बाईंना बजावलं होतं की आहे त्यात भागवा. साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. या खेपेला काही हाती लागलं नाही तर प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, हेही त्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. बाई यंत्र तीन दिवस आधीपासून निववत होत्या. एवढं उकळलं होतं की रबरी पिशवी फुगून छताच्या तुळईला टेकली होती. कॉम्प्रेसर क्षणभर थांबला असता तर पिशवीची झडप उघडून वायू आकाशात गेला असता.

सकाळी दहाला दाजींनी नळी सोडली. बाई शेजारी उभ्या होत्या, हातात पेन. कॉम्प्रेसर बंद करायची सोय नव्हती, आणि बाईंच्या समोर रबराला कान लावायचा म्हणजे सगळं उघड. दाजींनी अंगठा ठेवला. पुढं त्यांनी मला सांगितलं ते असं: "काहीतरी कळत होतं, मेव्हणे. जड, सावकाश. मी म्हटलं, हाच. पण तो फरशीतून येणारा कॉम्प्रेसरचा हादरा होता, नळीतून वर चढलेला. नाहीतर माझ्याच मनगटाची नाडी."

त्यांनी खूण केली, मोजलं, आकडा सांगितला. बावन्न सेंटिमीटर. चुंबकाच्या वेटोळ्याचा माथा तिसावर होता. म्हणजे त्याच्या वर द्रव भरपूर. बाईंनी लिहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं, मामा."

चुंबकाचं ते वेटोळंही अतिवाहकच असतं. द्रवात बुडालेलं असेपर्यंत त्यात हवी तेवढी वीज फिरते. उघडं पडलं की त्याची अतिवाहकता मरते आणि साठलेली सगळी वीज एका क्षणात उष्णता होते.

एक वाजून दहा मिनिटांनी मी फाटकावर होतो. आधी आवाज आला, बॉयलर फुटल्यासारखा. मग छतावरच्या नळातून पांढरा ढग उसळला, झाडांच्याही वर गेला आणि तिथं विरून नाहीसा झाला. सहा आठवड्यांचा हेलियम. दालनातून माणसं खोकत बाहेर पळाली. कुणाला इजा झाली नाही. बाई शेवटी बाहेर आल्या. हातात रजिस्टर छातीशी धरलेलं होतं आणि पायात एकच चप्पल.

दोन दिवसांनी यंत्र उघडलं. खड्याचे तीन तुकडे झाले होते. झटक्यात तापला की तो तडकणार, हे आधीपासून माहीत होतं.

चौकशी झाली ती साधीच. रजिस्टर पाहिलं. पातळी बावन्न. म्हणजे द्रव पुरेसा होता. मग वेटोळं तापलं कशानं? बाईंनी चुंबकाचा जोर नियमापेक्षा थोडा भराभर वाढवला होता, हेलियम संपायच्या आत उरकावं म्हणून. तेवढं निमित्त पुरलं. दाजींना कुणी काही विचारलंच नाही. बाईंनाही तेच पटलं होतं. मी घाई केली, असं त्या ज्याला त्याला सांगत. साहेबांनी लेखी खुलासा मागितला, शुक्रवारपर्यंत.

घरात नऊ दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. दाजी ताटावर बसत आणि अन्न चिवडत. एकदा मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मीटरनं तरी बरोबर सांगितलं असतं का?" ते म्हणाले, "मीटरला कुणी विचारलंच नाही. मी होतो ना."

गुरुवारी सकाळी ताईनं त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि तिथंच बसली.

"अहो, तुम्ही सांगताय की मी जाऊन सांगू?"

"काय सांगू?"

"मी सुई टेकवली नव्हती त्या दिवशी. तुम्ही लागलं म्हणालात."

दाजींनी कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तुला माहीत होतं."

"याला पण माहीत होतं," ताई माझ्याकडं बोट करून म्हणाली. "आपण तिघांनी मिळून कानाडोळा केला. आणि ती बाई एकटी कागद लिहीत बसलीय."

दाजींनी चहा घेतला नाही. उठताना तिला म्हणाले, "ती सुई दे."

शुक्रवारी अकराला ते साहेबांच्या खोलीत गेले. मला म्हणाले, चला बरोबर, दाराशी उभे राहा. मोठी खोली, टेबलावर काच, काचेवर बाईंचा खुलासा. बाई समोरच्या खुर्चीत. मी दारात टोपी हातात घेऊन उभा.

"साहेब, त्या दिवसाचा आकडा खोटा आहे," दाजी म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. "कोणता?"

"बावन्न. मला ठोका कळला नव्हता. माझा अंगठा गेलाय."

साहेब हसले, आणि वाईट मनानं नाही. "बसा, मामा. बाईंवर तुमचा जीव आहे हे सगळ्या संस्थेला ठाऊक आहे. पण दुसऱ्याचं ओझं असं अंगावर घेऊन चालत नाही. मीटर खोटं बोलेल. तुमचा अंगठा बोलेल का?"

बाई म्हणाल्या, "मामा, नका ना. मी लिहून दिलंय. माझी चूक मला कळते."

"कळत नाही, बाई," दाजी म्हणाले. एकोणतीस वर्षांत त्यांनी बाईंना असं उत्तर कधी दिलं नव्हतं. त्यांनी कॉलरमधली सुई काढली आणि काचेवर ठेवली. उजवा हात उताणा पसरला. "मी डोळे मिटतो. टोचा. लागलं तर सांगेन."

साहेब खुर्चीत मागं सरकले. "हे काय चाललंय?"

दाजी डोळे मिटून तसेच उभे. शेवटी बाईंनी सुई उचलली. पहिल्यांदा नुसती टेकवली, मुंगी चढावी तशी. मग जरा दाबली. दाजींचा चेहरा दगडाचा. बाईंनी एकदा साहेबांकडं पाहिलं आणि सुई आत घातली, चांगली अर्ध्या नखाएवढी. रक्ताचा थेंब फुगला आणि काचेवर पडला.

थोड्या वेळानं दाजींनी विचारलं, "टोचलंत का?"

साहेबांनी पाणी मागवलं. बाईंनी स्वतःच्या रुमालानं अंगठा बांधला. त्यांचे डोळे भरले होते आणि मला वाटलं, चला, सुटली बिचारी. ताईच्या अंगावरचं ओझं उतरलं, माझ्याही. मी तर मनातल्या मनात घरी जाऊन काय सांगायचं ते जुळवायला लागलो होतो.

रुमालाची गाठ मारता मारता बाई थांबल्या.

"केव्हापासून, मामा?"

"हिवाळा लागायच्या आधीपासून. नऊ महिने धरा."

मग त्या उठल्या, कपाटातून रजिस्टर काढलं आणि पानं मागं मागं उलटू लागल्या. मला कळेना आता काय शोधतायत. दाजींना मात्र पानं उलटायचा आवाज आला तसं कळलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, म्हणून सांगतो.

पान पाच महिन्यांपूर्वीचं होतं. पहिला प्रयोग. मेलेलं उठलेलं ज्या दिवशी दिसलं तो दिवस. पातळी सत्तेचाळीस, दाजींच्या अक्षरात.

"हा आकडा कसा घेतला होता?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा, वर्गात विचारतात तसा.

दाजींनी कानाची युक्ती सांगितली. कॉम्प्रेसर मिनिटभर बंद, कान रबराला. "कानानं घेतला असेल तर खरा आहे, बाई. कान चांगले आहेत माझे."

"त्या दिवशी बंद केला होता का?"

रजिस्टरात कॉम्प्रेसरचा रकाना होता. त्यात त्या दिवशी काही लिहिलेलं नव्हतं. कुठल्याच दिवशी लिहिलेलं नव्हतं.

साहेबांना सगळं एव्हाना उमगलं होतं. ते टेबलावर पुढं झुकले. "आठवा नीट, मामा. केला असणार. त्या वेळी हेलियमचा तुटवडा नव्हता. तुम्ही बंद केला असणार."

एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं की तो दिवस राहिला असता, खडा फुटला तरी त्यानं दाखवलेलं राहिलं असतं, बाईंचं नाव राहिलं असतं. कुणी पडताळून बघणार नव्हतं. बघायला काही उरलंच नव्हतं. आणि नऊ महिने जो माणूस रोज खोटा अंगठा टेकवत आला, त्याला आणखी एक हो कितीसं जड? मी दारातून डोळ्यांनी सांगत होतो, म्हणा हो.

बाई त्यांच्याकडं बघत होत्या. मदतही करत नव्हत्या, घाईही करत नव्हत्या.

"आठवत नाही, बाई," दाजी म्हणाले. "काही दिवस बंद करायचो. काही दिवस दालनात माणसं असायची. मग नुसता अंगठा ठेवायचो आणि कालच्या आकड्यावरून अंदाज बांधायचो. तो दिवस कोणता, ते मला आठवत नाही."

बाईंनी मान हलवली. रजिस्टर मिटलं आणि खुलाशाचा कागद साहेबांच्या टेबलावरून उचलून त्यात ठेवला. "हे आता लागणार नाही," त्या साहेबांना म्हणाल्या. दारातून जाताना माझ्यापाशी थांबल्या. "त्यांना दवाखान्यात न्या. सुई खोल गेलीय."

पहिल्या प्रयोगाचा जो शोधनिबंध त्यांनी छापायला पाठवला होता, तो त्यांनी सोमवारी परत मागवला. कारण एका ओळीत लिहिलं: पातळीची खात्री नाही. कुणाचं नाव घातलं नाही. दुरुस्त झालेल्या यंत्रावर त्यांनी दीड वर्ष आणखी चाळीसेक खडे वाढवून पाहिले. अतिवाहकता मेली की मेलीच राहायची. मग प्रयोगशाळा दुसऱ्याकडं गेली आणि बाई कुठल्याशा कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवायला गेल्या. जाताना नळी दाजींना देऊन गेल्या. तसं संस्थेचं सामान बाहेर नेता येत नाही. फाटकावर मीच होतो. मी पाहिलं नाही.

दाजींची बदली भांडारात झाली. खिळे मोजायला. तक्रार केली नाही. फक्त डब्याच्या वेळी माझ्या बाकावर यायचे ते बंद झाले.

ते निवृत्त झाल्याला तीन वर्षं झाली होती आणि डाव्या पायाची दोन बोटं काढलेली होती, तेव्हा संस्थेच्या फळ्यावर एक कात्रण लागलं. दूर देशात कुणी, निराळ्याच धातूच्या खड्यात, चुंबकानं मेलेली अतिवाहकता पुन्हा जिवंत होताना पाहिली होती. तीनदा पाहिली होती. खाली पाच-सहा नावं होती, त्यांत बाईंचं असायचं कारण नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं.

दाजी खाटेवर पाय उंच ठेवून पडले होते. "म्हणजे असतं तसं," ते म्हणाले.

"त्यांच्या खड्यात आहे."

"आणि आपल्या?"

"आता ते कोण सांगणार, दाजी."

त्यांनी दाराच्या वर बोट दाखवलं. मग म्हणाले, नळी काढा. मी काढली. म्हणाले, वाटी तुमच्याकडं घ्या, अंगठा ठेवा रबरावर, हलका. नळीचं दुसरं टोक त्यांनी उशीवर कानाशी घेतलं आणि नखानं त्यावर वाजवायला लागले, आधी भराभर, मग थांबून थांबून, जड.

"हा वायू. आणि हा, हा आता द्रव. फरक कळतो?"

रबर तेव्हाच कडक झालं होतं. माझ्या अंगठ्याला काही लागत नव्हतं.

"कळतो," मी म्हणालो.